निम्मं गाव एक जूनचं

अक्का,

तू गेलीस, आणि तुझ्या गंधमुक्तीच्या दिवशी माझं कौतुक झालं. माणसं जमली होती तुझ्यासाठी, आणि कौतुक माझं. तात्याकाका, म्हणजे आपल्या भाऊबंदांतलं आता एकमेव उरलेलं मोठं पुरुषमाणूस, माझ्या खांद्यावर हात ठेवून चारचौघांत म्हणाले, "विलासनं बहिणीला कामाला लावलं, तिच्या हातून चूक झाली तरी सांभाळून घेतलं. नाहीतर आजकाल कोण कोणाचं करतं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

ती चूक तुझी नव्हती, माझी होती. एवढं एक वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं, आणि ते वाचायला तू नाहीस. कंपनीत असा उशीर दुसऱ्या कोणी केला असता तर मी त्याला तीन स्मरणपत्रं धाडली असती.

माझी नोकरी काय आहे हे आपल्या घरात तुझ्याशिवाय कोणालाच कळलं नाही. एकदा आईनं विचारलं होतं. मी म्हणालो, दोनशे माणसं मिळून एक मोठा प्रोग्राम लिहितात, ती नीट लिहिताहेत की नाही, ठरल्या पायऱ्यांनी जाताहेत की नाही, ते मी बघतो. आई म्हणाली, म्हणजे तू स्वतः लिहीत नाहीस. मी म्हटलं, नाही. "मग बरंच आहे," असं म्हणून ती शेंगा सोलायला लागली. 'गुणवत्ता आणि प्रक्रिया प्रमुख' या माझ्या पदाचं इतकं नेमकं मूल्यमापन कंपनीतही कोणी केलेलं नाही.

तुला मात्र कळलं होतं, कारण ते तूच मला शिकवलं होतंस. दहावीच्या वर्षी, गावच्या घराच्या धाब्यावर, उन्हं उतरल्यावर. माझं उत्तर आलं की मी वही मिटायचो आणि तू ती परत उघडायचीस. "ताळा केला का?" एक्सची किंमत परत समीकरणात घाल, दोन्ही बाजू सारख्या येतात का बघ, मग मीट वही. मला ताळ्याचा भारी कंटाळा. उत्तर आलंय ना, मग परत मागे कशाला जायचं? पुढे पंचवीस वर्षं मी त्याच ताळ्याला इंग्रजी नावं देऊन पगार घेतला. स्वतः करायचा कंटाळा मात्र तसाच राहिला.

देवपूरचे तुझे गणिताचे क्लास बंद पडले तेव्हा मीच म्हणालो, अक्का, टेस्टिंगमध्ये ये, घरबसल्या धुळ्याहून काम होईल. तू त्रेपन्न वर्षांची. टीममधली पोरं तुझ्या केतकीच्या वयाची. पहिल्या आठवड्यात त्यांनी तुला 'मॅम' म्हटलं, दुसऱ्यात 'अक्का', आणि तिसऱ्या आठवड्यापासून ती तुला घाबरायला लागली. बाकीचे टेस्टर तपासायला नावं टाकत: टेस्ट एक, टेस्ट दोन, एबीसी. तू टाकायचीस लग्नपत्रिकांतली. रबरबँड लावलेला पत्रिकांचा तुझा तो गठ्ठा! आपल्या खानदेशातली पत्रिका, म्हणजे खाली साठ-सत्तर नावं, त्यात दोन आप्पा, तीन बापू, एक कंसातला सुरतवाला, आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची वेगळी रांग. तुझ्या गठ्ठ्यापुढे भल्याभल्या प्रोग्रामांनी मान टाकली. बेंगळुरूच्या एका हुशार माणसानं नावासाठी ठेवलेली जागा तू 'ज्ञानेश्वर पुंडलिकराव' एवढ्यातच संपवून दाखवलीस. आडनाव यायचं बाकीच होतं.

आणि तुझं ते 'दखं'. काही तपासून झालं की बाकी सगळे 'ओके' लिहीत. तू लिहायचीस 'दखं'. म्हणजे पाहिलं, माझ्या डोळ्यांनी. चेन्नईच्या मुलीनं मला खासगीत विचारलं, सर, हे कुठल्या मानकातलं संक्षिप्त रूप आहे? मी म्हटलं, अहिराणी आहे. तिनं ते 'अहिराणी स्टँडर्ड' म्हणून वहीत उतरवून घेतलं. दोन महिन्यांनी अर्धी टीम 'दखं' लिहीत होती. सगळ्यांनी खरंच पाहिलं होतं असं नाही.

आपलं पहिलं भांडण माझ्या चेकलिस्टवरून झालं. काम पुढे पाठवण्याआधी भरायचे बेचाळीस प्रश्न. मला फार अभिमान होता त्यांचा. प्रत्येकापुढे दोन चौकोन, 'हो' आणि 'लागू नाही'. तू फोन केलास.

"भावड्या, यात 'नाही' कुठे लिहू?"

मी समजावलं, की 'नाही' असेल तर काम करायचं आणि मग 'हो' लिहायचं. तू म्हणालीस, आणि काम झालेलं नसताना कोणाला पुढे जायचं असेल तर? मी म्हटलं, असं कोणी करत नाही. तू हसलीस. मग वरण-बट्टीवर गेलीस, पण महिन्या-दोन महिन्यांनी तो विषय परत काढायचीस. मी तो चौकोन कधीच घातला नाही. तिथे तू जिंकलीस, हे मला आधीच कळलं होतं. हरलेला माणूस मुद्दे जास्त मांडतो, ते मी मांडत राहिलो.

आता त्या कामाकडे येतो. इतका वेळ तुला हसवून ते लांबवलं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांचे रक्त-लघवीचे रिपोर्ट एका जागी आणायचे, असं ते मोठं काम होतं. माणूस कुठल्याही दवाखान्यात गेला तरी त्याचा जुना रिपोर्ट दिसावा. आता तोच माणूस आहे हे प्रोग्रामनं ओळखायचं कसं? नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की तोच. मीटिंगमध्ये तू म्हणालीस, हे चालणार नाही. बेंगळुरूच्या त्याच हुशार माणसानं अगदी नम्रपणे विचारलं, मॅडम, एकाच गावात, एकाच नावाची, एकाच दिवशी जन्मलेली दोन माणसं सापडण्याची शक्यता किती?

तू त्याला इंग्रजीत सांगायला सुरुवात केलीस आणि मधेच माझ्याकडे वळून म्हणालीस, "याले तूच सांग रे. आपलं निम्मं गाव एक जूनले जन्मेल शे."

मी सांगू शकत होतो. पूर्वी पोराला शाळेत घालताना आईला तारीख माहीत नसायची. ती सांगायची, कापूस वेचणी चालली होती, नाहीतर, मोठा पूर आला त्या साली. मास्तर ऐकून घ्यायचे आणि दाखल्यावर एक जून लिहून मोकळे व्हायचे, म्हणजे शाळा उघडायच्या आत पोराचं वय भरतं. वर्गच्या वर्ग एक जूनचे. आणि नावं तरी किती? धनराज, हिरामण, सुकलाल. गावाला त्याची अडचण कधी आली नाही, कारण गाव टोपणनावानं ओळखतं. हे मी सांगू शकत होतो. पण मीटिंगला पाच मिनिटं जास्त झाली होती, म्हणून मी हसून म्हणालो, अक्कांचं गाव फार स्पेशल आहे. सगळे हसले. आपलं गाव एकच आहे, अक्का.

तू तो दोष रीतसर नोंदवलास, गंभीर म्हणून. सोबत दोन पत्रिकांतली नावंही जोडलीस. रिलीजच्या आदल्या आठवड्यात फलकावर आकडा आला: उघडे गंभीर दोष, एक. शून्य झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम माझा. ज्यानं दोष शोधला त्यानंच तपासून तो बंद करायचा, हाही नियम माझाच. दुरुस्तीला तीन आठवडे लागणार होते आणि तिकडे फीत कापायचा मुहूर्त ठरला होता. मी तुला फोन केला.

मी गोडीनं सुरुवात केली. एकच राहिलाय, बंद करून टाक, पुढच्या खेपेला दुरुस्त करू. तू विचारलंस, दुरुस्त झाला का? मी म्हटलं, नाही. मग बंद कसा करू? दहा मिनिटं हेच. शेवटी माझा तोल गेला.

"अक्का, हे तुझे देवपूरचे क्लास नाहीत. इथे अर्ध्या मार्कासाठी कोणी अडून बसत नाही."

मागे तुझ्या कुकरची शिटी झाली. मग अगदी हळू विचारलंस, "भावड्या, तुझी जन्मतारीख काय रे?"

मी म्हणालो, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. माझ्या आधार कार्डावर एक जून आहे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? माझ्या खऱ्या जन्माच्या वेळी वेचणी चालू होती की संपली होती, यावर आईचं आणि आत्याचं अजून एकमत नाही.

त्या दुपारी जळगावला, मेहरूणच्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, माझ्या पदाचे अधिकार वापरून मी तुझा दोष बंद केला. कारण निवडावं लागतं. यादीत होतं: दुरुस्त झाला, आधीच नोंदवलेला आहे, पुन्हा दाखवता आला नाही. मी तिसरं निवडलं. ते खोटं नव्हतं. मला तो पुन्हा दाखवता आला नाही, कारण मी दाखवायला बसलोच नाही. फलकावर शून्य आलं. पोरांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. तू काही पाठवलं नाहीस.

पुढे चार महिन्यांनी धनराज सुकलाल पाटील दोन निघाले. एक शेतकरी, एक निवृत्त ड्रायव्हर, एकाच गावचे, दोघेही एकाच सालच्या एक जूनचे. शेतकऱ्याला ड्रायव्हरचा रिपोर्ट मिळाला. त्यानं सुरतहून पोरं बोलावून घेतली. आठ दिवस त्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. आणि ड्रायव्हर, ज्याला खरंच औषध सुरू करायला हवं होतं, तो 'सर्व ठीक' असा कागद खिशात घालून आठ दिवस लग्नं जेवत फिरला. चूक सापडली ती आमच्या प्रक्रियेमुळे नाही. तिथल्या एका नर्सबाई गावातल्याच होत्या. नाव पुकारलं आणि समोर भलताच माणूस उभा राहिला, तेव्हा त्या म्हणाल्या, हा तर धना माळकरी, धना ड्रायव्हर कुठाय? दोघंही वाचले. ते ऐकून मला जे वाटलं त्याला मी तेव्हा आनंद समजलो. तो सुटका झाल्याचा सुस्कारा होता, आणि सुटका त्यांची नाही, माझी.

मग चूक कुठून आली ते शोधायचा रिपोर्ट. तो लिहायचं काम अर्थात प्रक्रिया प्रमुखाचं. 'दोष कोणत्या टप्प्यावर सुटला?' आराखडा, लेखन, तपासणी, रिलीज. मी 'तपासणी'वर खूण केली. खाली लिहिलं, तपासणाऱ्या व्यक्तीने ही शक्यता पुरेशी मांडली नाही. अक्का, 'पुरेशी' हा शब्द मी फार विचार करून निवडला होता. मांडलीच नाही असं म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. इतका काटेकोर आहे मी. बंद केलेल्या हजारो दोषांच्या ढिगात तुझी नोंद पडलेली होती. कोणीही शोधली असती तर दोन मिनिटांत सापडली असती. पण असं शोधायचं काम ज्याचं, तोच रिपोर्ट लिहीत होता.

नियमाप्रमाणे तो तुझ्याकडे वाचायला आला. तू खाली एक शब्द लिहिलास. "दखं."

तो शब्द मी किती वेळा उघडून पाहिला असेन. रागाचा असता तर मी उत्तर दिलं असतं. मुद्दे काढले असते, रिपोर्टचा दुसरा मसुदा केला असता. पण तू पाहिलं होतंस, एवढंच.

तुझा करार पुढे वाढला नाही. वरून निर्णय झाला, असं मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, बरं. आणि आईचा गुडघा कसा आहे ते विचारलंस. घरात मी काय सांगितलं, ते तात्याकाकांच्या तोंडून तू ऐकलंसच: अक्काकडून चूक झाली, पण मी बोभाटा होऊ दिला नाही. एकाच बातमीत मी तुला दोषी केलं आणि स्वतःला उदार. कंपनीतल्या खोट्याला निदान मुहूर्ताचं कारण होतं. घरातल्याला काहीच नव्हतं.

तुझ्या आजारपणात तुला शेवटचं भेटलो तेव्हा सांगायचंच, असं ठरवून आलो होतो. तू पलंगावर उशांना टेकून बसली होतीस आणि दवाखान्यातल्या नंबर दाखवणाऱ्या पाटीत काय चूक आहे ते केतकीला समजावत होतीस. नव्याण्णवनंतर ती परत एकवर जाते, मग दोन माणसं एकाच वेळी उठतात. केतकी पाणी आणायला गेल्यावर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "काही बोलायचं होतं का?"

"नाही, असंच. केळीचे वेफर्स आणलेत."

"ते दिसले. आणखी?"

"नाही."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, थकलीस. वाटून घेतलं.

गंधमुक्तीचं जेवून मी जळगावला निघालो. पारोळ्याला चहाला थांबलो तर फोनवर आठवण वाजली: उद्या सकाळी दहा वाजता नवीन मुलांसाठी माझं व्याख्यान. विषय, 'चूक दाखवणाऱ्याचे आभार माना'. चहा अर्धा टाकून मी गाडी धुळ्याकडे वळवली. फार मोठा निश्चय वगैरे नव्हता. घरी जाऊन ते व्याख्यान वाचायची छाती झाली नाही, इतकंच.

पोचलो तेव्हा पाहुणे पांगले होते. भाऊजी आणि केतकी अंगणात सतरंज्यांच्या घड्या घालत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं. फोन, बंद केलेला दोष, रिपोर्ट, 'पुरेशी'. भाऊजी आयटीआयमध्ये आयुष्यभर मशीनवर उभे राहिलेले, ऐकताना हात थांबवायची त्यांना सवय नाही. त्यांनी घडी पूर्ण केली, सतरंजी उचलली आणि आत गेले.

केतकीनं विचारलं, "मामा, तो रिपोर्ट अजून तसाच आहे?"

"आहे."

"मग आधी तो बदला."

तुझ्याच टेबलावर तिनं मला बसवलं. लॅपटॉप उघडून मी दुरुस्ती लिहायला घेतली. इंग्रजीतच लिहितात, पण तुला मराठीत सांगतो. पहिलं वाक्य लिहिलं: सदर दोष तपासणीत सापडला होता, तथापि तो बंद करण्यात आला. केतकी मागे उभी राहून वाचत होती. अगदी तुझ्यासारखी, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"कोणी?"

मी खोडून लिहिलं, प्रक्रिया विभागाकडून तो बंद झाला.

"विभागाकडून म्हणजे कोणी, मामा?"

पंचवीस वर्षांत मी असे शेकडो रिपोर्ट लिहिले. एकातही कर्ता नव्हता. सगळं आपोआप घडत होतं, पावसासारखं. मी परत खोडलं आणि लिहिलं, तो मी बंद केला. तिने नकार दिला होता. मग तुझं पूर्ण नाव लिहिलं, माझं लिहिलं, आणि जिथे जिथे पहिला रिपोर्ट गेला होता तिथे तिथे पाठवून दिलं. लगेच फोन सुरू झाले. मी ते घेतले नाहीत. आज-उद्या घेईन. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं शूर वाक्य मी इथे लिहिणार नाही. मला भीती वाटते. तात्याकाकांनाही सांगायचंय, आणि त्यांची तर जास्तच वाटते.

मग भाऊजी बाहेर आले. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलावंच, अशी माझी तयारी होती. ते माझ्यासमोर बसले, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"विलासराव, तिनं मला यातलं काहीच सांगितलं नाही," ते म्हणाले. "तुमचं नाव घरात खराब होऊ नये म्हणून असेल. मी मात्र तिला तेव्हा म्हणालो होतो, चूक झाली असेल तर मान्य करून टाक, मन हलकं होईल. एकदा नाही, दोन-तीनदा म्हणालो. ती भाजी निवडत बसली होती, निवडत राहिली." त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "आता मी कोणाची माफी मागू?"

मी तुझी मागायला गेलो होतो.

अक्का, तुझ्याकडे काही उत्तर असेल तर त्यांना दे. मला नको.

तुझा,
भावड्या